सगळ्या बोटी एकाच दिवशी का येतात?

जुलै २०२४ मध्ये ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरच्या रहिवाशांना फेसबुकवर एक विनंती वाचायला मिळाली. ती लिहिली होती त्यांच्याच स्थानिक लोकप्रतिनिधीने. आज बेटावर सतरा हजार पाहुणे उतरणार आहेत, दिवस कठीण जाणार आहे, तेव्हा गावकऱ्यांनी आपलं हिंडणं-फिरणं शक्य तितकं कमी ठेवावं, असा तिचा मथितार्थ. लोक भडकले. पाहुण्यांच्या सोयीसाठी यजमानांवर संचारबंदी, हा प्रकार कुणालाच पचला नाही. पोस्ट काढून टाकली गेली, पण तोवर ती जगभरच्या वर्तमानपत्रांत पोचली होती.

सांतोरिनी हे जेमतेम ७६ चौरस किलोमीटरचं बेट. कायमची वस्ती साडेपंधरा हजारांच्या आसपास. पांढरी घरं, निळे घुमट आणि खाली गडद निळा समुद्र, हे चित्र आपल्याकडच्याही प्रत्येक प्रवासी कंपनीच्या जाहिरातीत असतं. तिथे माणसांची रीघ लागते यात नवल नाही. बातम्यांतून एकच सूर ऐकू येतो: फार माणसं झाली. मला हे निदान अर्धवट वाटतं. का, ते साध्या भागाकाराने दाखवता येतं.

२०२३ मध्ये या बेटावर क्रूझ बोटींच्या सुमारे ८०० फेऱ्या झाल्या आणि त्यांतून तेरा लाखांच्या घरात प्रवासी आले. वर्षाच्या ३६५ दिवसांत ही माणसं सारखी वाटली, तर रोज साडेतीन हजार होतात. हिवाळ्यात कोण जातंय म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच सात महिने धरले, तरी रोजची सरासरी सहा हजारांच्या आसपास भरते आणि बोटी दिवसाला चारही नाहीत. आता दुसरा आकडा पाहा. या बेटाने २०२५ पासून क्रूझ प्रवाशांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ठरवली, ती आहे ८,०००. म्हणजे ज्या वर्षी बेट बुडायला आलं असं म्हणत होते, त्या वर्षीची हंगामी सरासरी या मर्यादेच्या आतच होती. मग गर्दी आली कुठून? सरासरी ही कागदावरची गोष्ट असते. प्रत्यक्षात एखाद्या दिवशी धक्क्यासमोर एकच बोट असते आणि एखाद्या दिवशी पाच-सहा. पूर्वी तर एकाच दिवसात अठरा हजार प्रवासी उतरल्याचीही नोंद आहे. बेटाचं कंबरडं मोडतं ते अशा दिवसांनी.

अशा दिवशी नेमकं काय होतं, ते कळायला सांतोरिनीची घडण पाहावी लागते.

हे बेट म्हणजे एका प्रचंड ज्वालामुखीचा उरलेला काठ आहे. इसवी सनापूर्वी सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमाराला इथे भीषण उद्रेक झाला, मधला भाग खचला आणि त्यात समुद्र शिरला. उरली ती चंद्रकोरीच्या आकाराची जमीन. तिचा आतला काठ सरळसोट कड्याचा. कड्याच्या माथ्यावर फिरा हे मुख्य गाव आणि कड्याच्या पायथ्याशी गावाचं जुनं बंदर. बंदर म्हणायचं एवढंच. कडा आणि पाणी यांच्यामध्ये दगडी फरसबंदीचा एक चिंचोळा पट्टा आहे, त्यावर काही दुकानं, खानावळी आणि खेचरांचा तळ. मोठी बोट लागेल असा धक्का इथे नाही. आतला समुद्र काही ठिकाणी साडेतीनशे मीटरपेक्षा खोल असल्याने नेहमीसारखा नांगर टाकून उभं राहायचीही सोय नाही. एखादी बोट तरंगत्या बोयाला बांधली जाते, बाकीच्या इंजिन चालू ठेवून एका जागी तोल सांभाळत राहतात. पाणी शांत दिसलं तरी जागा सोपी नाही. ५ एप्रिल २००७ रोजी ‘सी डायमंड’ ही क्रूझ बोट दीड हजारांहून अधिक माणसांसह याच आखातात खडकाला घासली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाली. दोन प्रवासी सोडता सगळे वाचले. बोटीचा सांगाडा आजही तिथेच तळाला आहे.

तर बोट मधे उभी आणि माणसं लहान लाँचमधून किनाऱ्यावर. ही ने-आण स्थानिक नावाड्यांच्या हातात आहे. किनाऱ्यावर पाय ठेवला की वर जायला तीन वाटा: जवळजवळ सहाशे पायऱ्या, खेचर किंवा गाढवाची पाठ, नाहीतर रोपवे. पायऱ्या आणि खेचरांची वाट एकच, त्यामुळे पायी चढणाऱ्याला लिदीतून, घसरड्या दगडांवरून आणि मधूनच खाली धावत येणाऱ्या जनावरांना चुकवत चढावं लागतं. जनावरांचे हाल इतके गाजले की ग्रीसने २०१८ मध्ये नियमच केला: त्यांच्या पाठीवर १०० किलोपेक्षा जास्त किंवा त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशाहून जास्त ओझं घालायचं नाही.

बहुतेक लोक अर्थातच रोपवे पकडतात. हा रोपवे १९८२ पासून चालू आहे. नोमिकोस या जहाजमालक घराण्याच्या न्यासाने तो बांधून बेटाला दिला. त्यातला एक शहाणपणा मला फार आवडतो: रोपवे आला की खेचरवाल्यांचं पोट मारलं जाणार, हे ओळखून उत्पन्नातला काही वाटा त्यांनाही मिळेल अशी व्यवस्था करण्यात आली. दोनशे मीटरहून जास्त उंची तो तीनेक मिनिटांत चढतो. सहा लहान पाळण्यांचा एक संच वर जातो, तेव्हाच दुसरा खाली येतो. ताशी सुमारे बाराशे माणसं, अशी त्याची क्षमता सांगितली जाते.

आता दहा हजार माणसं धरा. सगळ्यांनाच रोपवे लागत नाही. ज्यांनी बोटीवरूनच सहलीचं पॅकेज घेतलेलं असतं, त्यांना अथिनिओस या दुसऱ्या बंदरावर उतरवून बसने थेट ईआ गावाकडे नेतात. पण सहल संपते ती फिरा गावातच आणि खाली यायला तेही रोपवेच्याच रांगेत लागतात. दहा हजारांतल्या प्रत्येकाला रोपवेने फक्त एकदाच, एकाच दिशेने न्यायचं म्हटलं, तरी आठ तासांहून अधिक लागतील. बोटींचा मुक्कामच मुळी आठ-नऊ तासांचा. सुट्टीच्या दिवशी रायगडाच्या रोपवेला ज्याने टोकन घेऊन वाट पाहिली आहे, त्याला पुढचं वर्णन करून सांगायला नको. फरक एवढाच, की रायगडावर तुम्ही उद्या परत जाऊ शकता आणि इथे शेवटची लाँच चुकली तर बोट पुढच्या बंदराला निघून जाते.

म्हणून दुपारनंतरची रांग सकाळच्या रांगेपेक्षा वाईट. सकाळी माणूस कंटाळला तर विचार बदलतो, खालीच कॉफी पीत बसतो. दुपारी तसं चालत नाही. प्रत्येकाला ठरलेल्या वेळेच्या आत खाली पोचायचंच असतं. वरच्या स्थानकाची रांग फिराच्या गल्ल्यांमध्ये शिरते, दुकानांच्या दारांवरून वळसे घेत जाते, आणि त्याच गल्लीतून घरी जायला निघालेली गावातली बाई भाजीची पिशवी धरून उभी राहते. उन्हाळ्यात त्या दगडी गल्ल्या तापलेल्या असतात. सावली नाही. मग काही जण खेचरांच्या वाटेने उतरायला लागतात आणि तिथेही खोळंबा होतो. त्या लोकप्रतिनिधीने विनंती केली, ती अशा दिवसांच्या अनुभवातूनच.

मग खरा प्रश्न: दोन बोटी सोमवारी, दोन बुधवारी, दोन शुक्रवारी, असं का होत नाही?

याची कारणं बेटावर नाहीत, ती दूरच्या शहरांत आहेत. आठवड्याच्या क्रूझचा प्रवासी नोकरदार असतो. त्याला शनिवारी किंवा रविवारी विमानाने येऊन बोटीत बसायचं असतं आणि पुढच्या शनिवारी-रविवारी घरी परतायचं असतं. मायामीसारख्या मोठ्या बंदरांतून सात रात्रींच्या बोटी मुख्यतः याच दोन दिवशी सुटतात. बोट वीसेक नॉट वेगाने चालते. म्हणजे रविवारी निघालेल्या सगळ्या बोटी दीड-दोन दिवसांच्या अंतरावरच्या बेटांवर मंगळवारी-बुधवारीच पोचणार. कॅरिबियन बेटांची आठवड्याची नाडी या हिशेबावर चालते: मधल्या दिवसांत धक्के भरलेले, शनिवार-रविवार त्या मानाने मोकळे. एजियन समुद्रातलं गणित याच जातीचं, फक्त बंदरांची नावं वेगळी.

दिवस एकच का, हे झालं. तास एकच का, हेही पाहण्यासारखं आहे. क्रूझ बोट ही रात्रीची गाडी आहे. प्रवासी झोपलेले असताना अंतर कापायचं, सकाळी सात-आठला नवं गाव आणि संध्याकाळी पाच-सहाला निघायचं. बंदरात उशिरापर्यंत थांबायला कंपनी नाखूश असते, कारण बोटीवरचा कॅसिनो आणि करमुक्त दुकानं बहुतेक बंदरांत बंद ठेवावी लागतात; किनारा सोडून खुल्या समुद्रात गेलं की ती उघडतात. जेवणाचे पैसे प्रवाशाने आधीच भरलेले असतात, त्यामुळे रात्रीच्या जेवणाला तोही बोटीवर परततो. गावातल्या खानावळीत ज्या वेळी धंदा व्हायला हवा, त्या वेळी गाव रिकामं होतं आणि सकाळी दहा ते दुपारी तीन एवढ्या पाच तासांत पाय ठेवायला जागा नसते.

याहूनही गमतीचं कारण कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहराला लागू आहे. हे शहर व्हँकूव्हर बेटावर आहे. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा म्हणतो की परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्यात प्रवासी नेऊ नयेत. जगातल्या बहुतेक क्रूझ बोटींवर बहामा, पनामा, माल्टा असे झेंडे असतात. सिएटलहून अलास्काला जाऊन सिएटललाच परत यायचं, तर मधे एकदा परदेशी बंदराला शिवणं भाग. मग परतीच्या शेवटच्या संध्याकाळी काही तासांसाठी व्हिक्टोरियाला टेकायचं आणि रात्री निघून सकाळी सिएटल गाठायचं. सिएटलला पोचायचा वार बऱ्याचदा शनिवार-रविवार, म्हणून व्हिक्टोरियात शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी एकामागून एक दोन-तीन बोटी. प्रवाशाला व्हिक्टोरिया पाहायचं असो वा नसो, एकशे चाळीस वर्षांपूर्वीच्या कायद्यासाठी तिथे थांबायचं.

यात बोटींचा आकार मिळवा. १९८८ मध्ये ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ ही ७३ हजार टनांची बोट आली, तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी प्रवासी बोट होती आणि तिच्यात सव्वादोन हजारांच्या आसपास प्रवासी मावत. २०२४ मध्ये निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे अडीच लाख टनांची आहे. तिच्यात दाटीवाटीने ७,६०० प्रवासी राहू शकतात, वर सव्वादोन हजारांहून अधिक कर्मचारी. गावाच्या गल्ल्या मात्र तेवढ्याच रुंद राहिल्या. जगभरातले क्रूझ प्रवासी २०१९ मध्ये तीन कोटींच्या जरा खाली होते. कोरोनात धंदा पार बसला, आणि तरी २०२४ पर्यंत ते साडेतीन कोटींच्या जवळ गेले.

एका गोष्टीचं मला नेहमी आश्चर्य वाटत आलंय. या धंद्यातला बराच मोठा भाग कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन, एमएससी आणि नॉर्वेजियन अशा चार समूहांच्या हातात आहे. वेळापत्रकं दीड-दोन वर्षं आधी ठरतात. म्हणजे अमक्या दिवशी अमक्या बेटासमोर सहा बोटी जमणार, हे त्या दिवसाच्या किती तरी आधी कागदावर दिसत असतं. वादळासारखं अचानक काही येत नाही. तरीही ते घडू दिलं जातं, कारण प्रत्येक कंपनीला स्वतःच्या बोटीपुरता तो दिवस सोयीचा असतो आणि बंदराला प्रत्येक बोटीचं शुल्क हवं असतं. बिघडलेल्या दिवसाची किंमत मोजायला त्या टेबलावर कुणीच बसलेलं नसतं.

सगळीच बेटं सांतोरिनीसारखी लवकर गुदमरत नाहीत. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर वर्षाला चाळीस लाखांहून अधिक क्रूझ प्रवासी येतात, म्हणजे सांतोरिनीच्या तिप्पट. तिथली जमीन सपाट, वस्ती नव्वद हजारांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे बोट सरळ धक्क्याला लागते. माणसं चालत बाहेर पडतात आणि चहूकडे पांगतात. तक्रारी तिथेही आहेत, प्रवाळांच्या तर फार मोठ्या, पण त्या वेगळ्या जातीच्या.

कॅरिबियनमधल्या सिंट मार्टेन बेटाची कहाणी तर उलट्या बाजूने बघावी लागते. फिलिप्सबर्ग या तिथल्या राजधानीत फ्रंट स्ट्रीट नावाचा एक लांब, अरुंद रस्ता आहे. दोन्ही बाजूंना हिरे-सोन्याची, घड्याळांची, कॅमेऱ्यांची दुकानं, आणि त्यांतली कितीतरी भारतीयांची, मुख्यतः सिंधी व्यापाऱ्यांची. रस्त्याची वर्दळ धक्क्यावर किती बोटी लागल्या आहेत त्यावर ठरते. बोट नसलेल्या दिवशी गिऱ्हाईक शोधावं लागतं. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळाने हे बेट उद्ध्वस्त केलं आणि बोटी बंद झाल्या. २०२० मध्ये कोरोनाने पुन्हा तेच केलं. गर्दी नको म्हणणारे आणि बोटीची वाट पाहणारे एकाच बेटावर, कधी कधी एकाच घरात राहतात, हे विसरून या विषयावर बोलता येत नाही. सांतोरिनीच्या नावाड्यांना आणि खेचरवाल्यांना विचारा, रिकाम्या समुद्राचं त्यांना काहीच कौतुक नाही.

उपाय म्हणून काय काय करून पाहिलं गेलं? सर्वांत शहाणा करार मला माय्योर्का बेटावरच्या पाल्मा बंदराचा वाटतो. तिथल्या सरकारने क्रूझ कंपन्यांशी बोलणी करून २०२२ पासून दिवसाला जास्तीत जास्त तीन बोटी आणि त्यांतली पाच हजारांहून अधिक प्रवाशांची फक्त एक, असं ठरवून घेतलं. एकूण प्रवाशांपेक्षा त्यांनी एका दिवसाच्या गर्दीला हात घातला, आणि दुखणं होतं तिथेच.

अमेरिकेत हाच प्रश्न मतपेटीतून सोडवायचा प्रयत्न झाला. फ्लोरिडाच्या टोकाला असलेल्या की वेस्ट बेटावर नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी भरघोस बहुमताने ठरवलं, की १,३०० हून जास्त क्षमतेच्या बोटी नकोत आणि दिवसभरात बोटींवरून १,५०० पेक्षा जास्त माणसं उतरायला नकोत. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने कायदा करून हा निर्णय रद्दबातल ठरवला. मग शहराने आपल्या ताब्यातल्या धक्क्यांवर मोठ्या बोटी घेणं थांबवलं. खासगी धक्का चालूच राहिला. मेन राज्यातल्या माउंट डेझर्ट बेटावर बार हार्बर नावाचं पाचेक हजार वस्तीचं गाव आहे. तिथे २०२२ मध्ये मतदान होऊन दिवसाला १,००० प्रवाशांची मर्यादा आली आणि जास्तीच्या प्रत्येक माणसामागे शंभर डॉलर दंड. काही व्यापारी कोर्टात गेले. २०२४ मध्ये मर्यादा उठवण्यासाठी पुन्हा मतदान झालं, तेव्हा ती थोडक्या मतांनी टिकली. गाव किती दुभंगलेलं आहे, ते त्या निसटत्या निकालावरूनच कळतं.

ग्रीसने कराची वाट धरली. १ जुलै २०२५ पासून सांतोरिनी आणि मिकोनोस या दोन बेटांवर उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशामागे जून ते सप्टेंबरमध्ये २० युरो, इतर बंदरांवर ५ युरो. हंगामाच्या आगे-मागे दर उतरतो, हिवाळ्यात तर तो अगदीच नाममात्र असतो. कराने गर्दी हटेल असं मला वाटत नाही. हजारो डॉलर मोजून आलेला माणूस वीस युरोंसाठी बोटीवर बसून राहणार नाही. हंगामानुसार दर बदलण्याची कल्पना चांगली आहे, पण गर्दी तर वारावर आणि तासावर ठरते. बोट मंगळवारी सकाळी आली तर जादा आणि शनिवारी दुपारी आली तर माफ, असा दर लावला तर कंपन्यांची वेळापत्रकं हलतील. त्याऐवजी सांतोरिनीला ८,००० च्या मर्यादेतूनच जास्त आशा आहे, कारण ती पाळायची तर बंदराला बोटींच्या जागा आधीच वाटून द्याव्या लागतात. सात-आठ वर्षांपूर्वीही हाच आकडा ठरला होता. तो नीट पाळला गेला असता तर २०२४ च्या जुलैतली ती विनंती लिहावीच लागली नसती.

एकटं बेट घासाघीस करायला बसलं की काय होतं, ते मेक्सिकोत दिसलं, आणि तिथे तर मागे अख्खा देश उभा होता. क्रूझ प्रवाशामागे ४२ डॉलर घ्यायचं आधी ठरलं. कंपन्यांनी बोटी दुसरीकडे वळवण्याची भाषा सुरू केली. शेवटी २०२५ च्या जुलैपासून सुरुवात झाली ५ डॉलरवर, पुढे टप्प्याटप्प्याने वाढवायच्या बोलीवर. बोट हलवता येते, बेट हलवता येत नाही. घासाघिशीत कंपनीचं पारडं जड राहतं ते यामुळे.

कंपन्यांनी या गर्दीवर स्वतःचा उपायही काढला आहे: बेटच आपलं घ्यायचं. बहामात नॉर्वेजियन कंपनीने १९७७ मध्येच ग्रेट स्टिरप के हे लहानसं बेट घेतलं. नंतर डिस्नेने दुसरं एक घेतलं, रॉयल कॅरिबियनने कोकोके या आपल्या बेटावर २०१९ मध्ये पाण्याच्या घसरगुंड्यांचं अख्खं उद्यान उभं केलं, त्याच वर्षी एमएससीने ओशन के उघडलं आणि जुलै २०२५ मध्ये कार्निव्हलने ग्रँड बहामावर सेलिब्रेशन की सुरू केलं. तिथे धक्का हवा तेवढा मोठा असतो, रांगांचा हिशेब आधीच केलेला असतो आणि संचारबंदी लावायला गावकरीच नसतात. नारळपाण्यापासून छत्रीच्या भाड्यापर्यंत बहुतेक पैसा कंपनीकडेच जातो. गर्दीला वैतागलेल्या बेटांनी हे नीट पाहावं. ‘येऊ नका’ म्हणण्याच्या भरात ‘येणारच नाहीत’ हा दिवसही उजाडू शकतो.

मराठी वाचकाला हे सगळं दूरचं वाटेल, पण तितकंसं दूर नाही. गोव्यात, त्यातही सासष्टीत, घरातला एखादा मुलगा ‘बोटीवर’ असणं ही जुनी रीत आहे. मुंबई-कोकणातूनही मुलं स्वयंपाकघरात, हाउसकीपिंगला, डेकवर कामाला जातात. बंदराचा दिवस म्हणजे त्यांच्यासाठी खोल्या उरकण्याचा दिवस. मिळालीच तर दोन-तीन तासांची सुट्टी, आणि रोपवेला रांग असेल तर वरचं गाव न पाहताच परत.

दुसरीकडे आपला देशही या धंद्यात उतरला आहे. ‘क्रूझ भारत मिशन’ ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरातून सुरू झालं, पाच वर्षांत क्रूझ प्रवासी दुप्पट करण्याचं उद्दिष्ट ठेवून. मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. तिथे एकाच वेळी पाच बोटी लागू शकतील आणि वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळता येतील, असं सांगितलं गेलं. मुंबईला पाच बोटी जड नाहीत. सव्वा कोटींच्या शहरात ती माणसं कुठे जिरली ते कळणारही नाही. पण इथून सुटलेल्या बोटी जातात कुठे? एक ठिकाण लक्षद्वीपमधलं अगत्ती. ते साडेसात हजारांच्या वस्तीचं, सात-आठ किलोमीटर लांबीचं, जेमतेम रुंदीचं प्रवाळबेट आहे. तिथेही मोठी बोट बाहेर उभी राहते आणि माणसं लहान होड्यांतून किनाऱ्यावर येतात. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो आणि हेच सध्या त्या बेटांचं कवच आहे. मुंबई, गोवा, कोची इथून सुटणाऱ्या बोटींचे वार ठरवताना तिथल्या धक्क्याचा आणि पिण्याच्या पाण्याचा हिशेब आधी मांडावा लागेल. पाल्माचा करार वाचायला आपल्या बंदर खात्याला काही खर्च नाही, आणि पहिली बोट येण्याआधी नियम करणं दहावी बोट आल्यानंतर करण्यापेक्षा कितीतरी सोपं जातं.

तुम्ही स्वतः क्रूझ ठरवत असाल तर एक काम नक्की करा. बहुतेक बंदरांची वेळापत्रकं महिनोन्महिने आधी इंटरनेटवर पाहायला मिळतात. तुमची बोट ज्या दिवशी ज्या बेटावर जाणार, त्या दिवशी तिथे आणखी किती बोटी आहेत आणि त्यांची प्रवासीक्षमता किती, हे पैसे भरण्याआधी तपासा. चारपेक्षा जास्त दिसल्या तर तारीख बदला. सांतोरिनीच असेल तर एप्रिल किंवा ऑक्टोबर-अखेर निवडा, दुपारनंतर पोचून रात्री उशिरा निघणारी बोट मिळाली तर ती घ्या, आणि परतताना रोपवेला किमान दोन तास हाताशी ठेवा. गुडघे धड असतील तर पायऱ्या उतरून या. आणि जेवण बोटीवर फुकट असलं तरी एक वेळ गावात जेवा.